फिटरकाकांची एकच हाक

फिटरकाकांची अर्धी हयात कारखान्यात प्रेसच्या दणदणाटात गेली, तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. उलट त्यांचं बोलणं ऐकायला समोरच्यालाच पुढे वाकावं लागे. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत एकटे राहत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमचा शेरू एक नंबरचा हट्टी कुत्रा होता. हाक मारली की तो नेमका उलट्या दिशेने पळायचा. शेजारी तक्रारी करायचे. शेवटी पप्पा म्हणाले, "रविवारी याला बदलापूर गावात सोडून येतो."

मी रडत काकांकडे गेले. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याला बोलावता कशाला?"

"आंघोळ घालायला. साखळीला बांधायला. नाहीतर पप्पा मारायला बोलावतात."

"मग तो का येईल? त्याचं नावच तुम्ही नासवलंय, पोरी. नवीन हाक लाव."

नवीन हाक ठरली 'घे'. खाली बसायचं, हळू आवाजात एकदाच 'घे' म्हणायचं आणि शेरू आला की सुक्या बोंबलाचा तुकडा द्यायचा. नाही आला तर मागे धावायचं नाही. आधी दोन पावलांवरून, मग जिन्यापासून, मग नळापासून. काकांनी पप्पांकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

एकदा शेरूने माझी नवी चप्पल फाडली. मी गोड आवाजात 'घे' म्हणून त्याला जवळ बोलावलं आणि फटका दिला. काका दारातून बघत होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "फसवलंस त्याला. आता पहिल्यापासून." आणि खरंच, पुढचे आठ दिवस शेरू माझ्याजवळ फिरकला नाही. मग पुन्हा दोन पावलांपासून सुरुवात केली.

महिना संपायच्या आत एका सकाळी कुत्री पकडणारी गाडी गल्लीत शिरली. शेरू उभ्या टेम्पोखाली घुसला. जाळीवाले दोन्ही बाजूंनी आले. अख्खी चाळ ओरडायला लागली, "शेरू! शेरू!" तो आणखीच आत सरकला.

"गप्प बसा सगळे!" काकांचा एवढा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. गल्ली शांत झाली. मी खाली बसले. "घे," म्हटलं. जाळीवाल्याच्या पायांमधून शेरू सुटला आणि थेट माझ्या मांडीत येऊन थरथरत बसला. हातात द्यायला काहीच नव्हतं. पप्पांनी पुढे होऊन गाडीवाल्यांना सांगितलं, "आमचा आहे तो." त्यानंतर बदलापूरचं नाव त्यांनी काढलं नाही.

दोन वर्षांनी काकांची मुलगी त्यांना उल्हासनगरला घेऊन गेली. तिथे ते वर्षभरच होते. ते गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं, शेवटचं दर्शनही झालं नाही. त्यामुळे माझ्यापुरता निरोप झाला तो सामान हललं त्या दिवशी. टेम्पो सुटला तसा शेरू मागे धावला. हाक ओठांवर आली होती, पण मी मारली नाही. तासाभराने तो धापा टाकत एकटाच परत आला, काकांच्या कुलूप लावलेल्या दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग आमच्या उंबऱ्यावर येऊन पडला.