बाबांचा एका अंगाच्या धारेचा चाकू

मागच्या दिवाळीत जावयांनी मला चाकू दिला. माझ्या पर्समध्ये कायम एक जुना चाकू असतो हे त्यांना ठाऊक, म्हणून फोनवरून चांगला महागाचा मागवला. मोठा गुणी माणूस, त्यांच्याबद्दल बोलायचं काम नाही. पण त्या चाकूला अकरा पाती! बाटलीचं बूच काढायला एक, स्क्रू पिळायला दोन, नखं घासायची कानस, वर दात कोरायची काडीसुद्धा. एकेक उघडून बघता बघता माझं अंगठ्याचं नख मोडलं. मी म्हटलं, अहो, सगळं झालं, पण ह्यात चाकू कुठाय? लेक माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली.

काय करू? चाकू बघायला मला बाबांनी शिकवलं, आणि बाबांच्या पसंतीला उतरेल असा चाकू मी पुन्हा पाहिला नाही.

बाबा सरकारी रोपवाटिकेत माळी होते. आमच्या बौद्ध घरातले पहिले पगारदार. खाकी सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन नव्हे, घडीचा चाकू असायचा. तो त्यांनी नांदेडला घेतला, तेव्हा त्यांची नोकरी उमरीला होती आणि मी नांदेडला डी.एड. करत होते. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला शिकलगारांची, म्हणजे चाकू-तलवारी घडवणाऱ्यांची, दुकानं होती, तिथं मला घेऊन गेले आणि अर्धा दिवस काढला. कुणी लुगडं घ्यायला एवढा वेळ लावत नाही.

आधी मिटलेला चाकू कानाशी धरून हलवायचे. आत खुळखुळलं की खाली ठेवला. मग नखानं पातं वर काढायचं. फार सहज उघडला तर खिशातच उघडेल, फार झोंबाझोंबी करायला लावली तर कामाच्या वेळी रडवेल. पातं उघडून बसताना 'टक्' असा एकच आवाज यायला हवा. पातं आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढं, त्याहून लांब म्हणजे मिरवायला. मूठ शिसवी लाकडाची, कारण घामेजल्या हातातून ती निसटत नाही. दुकानदार कागद कापून दाखवायला लागला तर बाबा म्हणायचे, कागद तर मी दातानंसुद्धा फाडतो. त्यांनी पिशवीतून कडुलिंबाची ओली काडी काढली, तिरपा एक काप घेतला आणि तो काप उन्हाला धरून बघितला. शेवटी एक चाकू पसंत पडला. मग त्यांचं आणि त्या शिकलगाराचं धारेवरून काहीतरी लांबलचक बोलणं सुरू झालं. मी कंटाळून समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला गेले. हा रस मला पुढं फार महागात पडला.

त्या चाकूचं कौतुक करावं तेवढं थोडं. पेरू, सुतळी, पायातला काटा, शेळीच्या गळ्यात रुतलेला दोर, माझ्या लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे, सगळी कामं त्यानंच निघाली. आणि बाबांचा एक नियम होता. आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. आधी जमिनीवर ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा, नाहीतर दोघांत भांडण लागतं म्हणतात. बाबा हे अजिबात पाळायचे नाहीत. चाकू मिटायचा नाही, पात्याकडून धरायचा आणि मूठ समोरच्याकडे करून हातातच द्यायचा. कुणी खाली ठेवा म्हणालं की हसून खिशात घालायचे. मला वाटायचं, असल्या समजुतींवर त्यांचा विश्वास नाही म्हणून.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा नव्या जिल्ह्यात माणसं हवी होती. बाबांनी अर्ज केला आणि बदली घेऊन आपल्या मुलखात आले. रेणापूरपासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. मोठ्या साहेबाला भेटायला आता लांबच्या जुन्या जिल्ह्याला जायला नको, याचंच गावाला अप्रूप. ते अप्रूप ओसरलं नाही तोच पाऊस रुसला. एक साल, मग दुसरं. विहिरींचे तळ दिसले, टँकर आला.

आमच्या गावात एक मोठे शेतकरी होते. बाबा त्यांना मालक म्हणायचे, बाबांचे वडील त्यांच्याच शेतात राबलेले. त्यांच्या बांधावर एक आंबा होता. मालकांच्या बायकोनं नवी नवरी असताना माहेराहून, धर्माबादकडून, पदराला कोय बांधून आणलेली. बाई जाऊन चार वर्षं झाली होती. आता झाड वरून वाळत खाली येत होतं. मालक टँकरच्या पाण्यातली एक घागर रोज बुडाशी ओतायचे, सुना कुरकुरायच्या. पण एका घागरीनं काय होतं? शेवटी ते आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत, लिंबाखाली उभे राहिले. झाड जाणार हे त्यांना कळलं होतं. कोय लावून तसलाच आंबा येत नाही, हेही कळत होतं. त्याच्या काड्या काढून कलमं बांधतोस का, एवढं त्यांनी विचारलं.

बाबांनी झाड फिरून पाहिलं, मी बरोबर होते. जीव असलेल्या काड्या मोजून सहा. त्यांची पानं झाडावरच छाटून ठेवली, दहा दिवसांत कोंबांचे डोळे फुगले की त्या काढायच्या. तेव्हा मालक म्हणाले, बघू तुझा चाकू, आणि बोटानं जमीन दाखवली. बाबांनी मूठ पुढं केली. मालकांचा हात काही वर आला नाही. बाबांनी चाकू मिटला आणि खिशात टाकला.

घरी येताना मी बाबांवर चिडले. म्हटलं, म्हातारा माणूस, दुःखात आहे, ठेवला असता खाली तर काय बिघडलं असतं? भांडण नको म्हणून तर ठेवतात.

बाबा चालता चालता म्हणाले, "माय, चाकू भांडण नको म्हणून खाली ठेवत असतील. पण मला तर भाकरबी खालीच ठेवून दिली, मजुरीबी खालीच टाकली. निदान चाकू तरी हातात घ्या म्हणतो मी."

मी नोकरीला लागलेली, शिकलेली, आणि मला हे बापानं सांगावं लागलं. लाज वाटली. आता बाबांसाठी काहीतरी करावं असं डोक्यात बसलं, आणि त्यातूनच माती खाल्ली.

दहाव्या दिवसाच्या आदल्या सकाळी गल्लीत सायकलच्या चाकावर धार लावणारा आला. बाबा कामावर, चाकू त्या दिवशी खुंटीवरच्या सदऱ्यात राहिलेला. मी विळी दिली, कोयता दिला आणि चाकूही दिला. उघडून बघते तर एका बाजूनं धार, दुसरी बाजू सपाट. मला वाटलं नांदेडच्या त्या शिकलगारानं बाबांना साफ गंडवलं! धारवाला म्हणाला, बाई, हा मुद्दाम असाच केलाय, घरच्या माणसाला विचारा. मी मास्तरीणबाई ना! त्याला म्हटलं, तुम्ही धार लावा, शहाणपण नका शिकवू. त्यानं मुकाट्यानं दोन्ही अंगांनी धार लावली. मी चाकू पुसून सदऱ्यात ठेवला आणि दिवसभर मनातल्या मनात खूश होऊन राहिले.

दुसऱ्या सकाळी झाडाखाली आम्ही तिघंच. रोपवाटिकेतून बाबांनी कलम बांधायला पिशवीतली आंब्याची रोपं आणलेली. त्यांनी पहिली काडी काढली, पाचरीसारखी तासली, उन्हाला धरली. काप मध्येच उचललेला, होडीच्या बुडासारखा. दुसरी काढली, तीही तशीच. मग त्यांनी चाकू डोळ्यांजवळ नेला. काप आरशासारखा सपाट पडावा म्हणून ते पातं एका अंगानं कोरं ठेवलेलं होतं. काप सपाट नसला की काडी आणि रोप एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये हवा राहते, कलम मरतं. हे सगळं मला त्या वेळी कळलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हटलं, मी लावून आणली. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. सहातल्या दोन गेल्या होत्या.

बाबा मालकांना म्हणाले, "धार बिघडलीया. दगड पाहिजे, आन् पाणी."

पाणी! त्या दिवसांत पाणी मागणं म्हणजे काय ते सांगायला नको. टँकर उद्या येणार होता. मालकांनी आपला प्यायचा तांब्या उचलला आणि स्वतः दगडावर पाण्याची धार धरली. बाबा पातं सपाट घासत बसले. दुपार कलली तरी ते घासतच होते आणि मालक थेंब थेंब पाणी सोडत उकिडवे बसले होते. मधे एकदा सून जेवायला बोलवायला आली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मी बाजूला उभी राहून रडत होते, कुणी समजूत घातली नाही, आणि घालायला नकोच होती.

उन्हं उतरल्यावर बाबांनी लिंबाची एक काडी कापून बघितली, उन्हाला धरली आणि मान हलवली. मग उरलेल्या चार काड्या चार रोपांवर बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधल्या. एकही काप वाकडा पडला नाही. असा कारागीर आपला बाप आहे, याचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पुन्हा कशाचाच वाटला नाही.

तीन कलमं महिनाभरात काळी पडली. एक जगलं. मालक रोज चालत रोपवाटिकेत जायचे, त्या एका रोपासमोर बसायचे आणि परत यायचे. मूळ झाड त्या पावसाळ्याआधीच सरपणाला गेलं.

पाऊस आला तेव्हा ते रोप त्याच बांधावर लावलं. गावातली बरीच माणसं बघायला जमली होती, मालकांचे भाऊबंदही होते. आता फक्त बांधलेली पट्टी कापायची राहिली होती. बाबांनी चाकू उघडला आणि म्हणाले, "मालक, पट्टी तुम्ही कापा." मूठ पुढं केली.

मालकांनी भावांकडे पाहिलं नाही, खाली जमिनीकडेही पाहिलं नाही. बाबांच्या हातातून चाकू घेतला. पट्टी कापली. पातं धोतराला पुसलं आणि चाकू उलटा करून, पात्याकडून धरून, मूठ बाबांकडे केली.

"घ्या," ते म्हणाले.

त्या दिवसापर्यंत त्यांनी बाबांना कधी 'अहो' केलं नव्हतं.