काळीजवाल्या मामांच्या कागाळ्या

माझे मामा अवयव बँकेत काळजं वाढवायचे. बरणीत काळीज रुजवायचं, ते धडधडू लागलं की उबेत ठेवायचं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारायच्या. गप्पांवाचून वाढलेलं काळीज आळशी निघतं, असा तिथला अनुभव. म्हणून बडबड्या माणसांनाच नोकरी मिळे, आणि मामा तर सगळ्या बडबड्यांचे बाप. रक्त पाहून त्यांना भोवळ येई. पण बरणीत नुसतं गुलाबी पाणी, त्यामुळे निभावलं.

बोलायचे काय, तर मामीच्या कागाळ्या. "रात्री सगळं पांघरूण ओढून घेते आणि सकाळी मलाच विचारते, थंडी वाजली का!" असं ते म्हणाले की लगेच फडताळभर बरण्या जोरजोरात धडधडायच्या. एवढी दाद मिळाल्यावर काय हवं? घरी येईपर्यंत त्यांच्याकडचे शब्द संपलेले असत. जेवताना तोंडाला कुलूप, आणि मामी आपली भिंतींशी बोलतेय. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग मामीचंच काळीज थकलं. तिला जुळणारं एकच तयार होतं, आणि तेही नेमकं मामांच्या फडताळातलं. मामांची पाचावर धारण बसली.

"अगं, मी त्याचे कान भरून ठेवलेत. ते हिच्यासाठी कशाला धडधडेल?"

"काळजाला कान नसतात, मामा."

"मग मला पगार कशाचा मिळतो?"

ऑपरेशन झालं. नवं काळीज जागेवर बसलं, पण ढिम्म हलेना. डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं, "हे कुणी वाढवलंय? आत या, बोला त्याच्याशी. लवकर!"

मामांना डोळे गच्च मिटायला लावून, दंडाला धरून मी आत नेलं. ते गहिवरून म्हणाले, "ही फार गुणी आहे रे. शांत, समजूतदार..."

काळीज गप्प. असलं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मामा, रोजचं बोला!" मी ओरडले.

मामा हुंदके देत सुरू झाले. "चष्मा स्वतःच्या डोक्यावर ठेवते आणि शोधायला मला पळवते! सापडला की म्हणते, तुम्हीच ठेवला असेल!"

ठक.

"माझं वाक्य मध्येच तोडते! आणि माझ्यापेक्षा चांगलं पुरं करते!"

ठक, ठक. मग ते थांबायचं नाव घेईना. मामांनी मात्र डोळे उघडले, रक्त दिसलं आणि ते तिथेच आडवे झाले.

मामी शुद्धीवर आली तेव्हा मामा उशाशी मान खाली घालून बसले होते. नर्सने तिला लगेच सगळं रंगवून सांगितलं. आता मामांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण मामीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढं बोलायचं होतं, तर मला का नाही सांगितलंत?"

"तू उलट बोलतेस. ते नुसतं धडधडतं."

मामीने त्यांचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"आता दोन्ही होईल. सांगा."