थोरलीला वळायला जागा

अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत आगीबद्दल एवढ्या शांतपणे आणि पार्किंगबद्दल एवढ्या तावातावाने बोलणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी त्यांच्या गल्लीतल्या स्कूटरवाल्यांची देवाजवळ रोज प्रार्थना असे. मामांची उभी हयात मुंबईत, आगीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात गेली. ऐंशी सालानंतर कधीतरी ते रिटायर होऊन इथे राहायला आले आणि आल्या आठवड्यात त्यांनी गल्लीच्या वळणावर पांढऱ्या रंगाने एक मोठी कमान आखली. या रेषेच्या आत काही उभं करायचं नाही, कारण आग लागली तर गाडीला वळायला जागा हवी! आता त्या गल्लीत दिवाळीतल्या फुलबाजीपलीकडे काही पेटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण एका वकिलाने तिथे स्कूटर लावली, तर मामा संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून तिच्या शेजारी बसून राहिले. वकील आल्यावर ते एवढंच म्हणाले, “तुमच्या घरात आज काही पेटलं नाही, हे तुमचं नशीब.”

त्या गाडीला ‘बंब’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “बंब न्हाणीघरात असतो, जावईबापू. ही गाडी आहे.” गाड्यांचा इतिहास तर त्यांना तोंडपाठ होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नसे. सुरुवात घोड्यांपासून. घोड्यांनी ओढायचे पंप मामांच्या जन्माआधीच बंद झालेले, पण सांगण्याचा थाट असा की त्या घोड्यांना हरभरा यांनीच चारला असावा. मग वाफेचा पंप, मग मोटार, मग लाकडी शिडी जाऊन आलेली पोलादी, गोल फिरणारी शिडी. गोदीत तेल पेटायला लागलं म्हणून फोमची गाडी आली, धुरात जवान गुदमरायला लागले म्हणून हवेच्या सिलिंडरांची आली, इमारती बसायला लागल्या तेव्हा जॅक आणि करवती भरलेली आली. “शहर दर वेळी मरायची नवी तऱ्हा शोधून काढतं, आणि दर वेळी आम्ही एक गाडी घेतो,” असं भारदस्त वाक्य टाकून मामा बशीतला चहा फुर्रकन ओढत. घरातल्या तारखाही याच हिशेबाने. “आपल्या सुमनचं बारसं कधी झालं हो?” मामींनी विचारलं, की उत्तर यायचं, “फोमची दुसरी गाडी आली, त्या पावसाळ्यात.”

या सुमनचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न जमवताना तर कहरच झाला. उल्हासनगरला कॅम्प एकमधलं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, माणसं सालस. मामा मुलगा बघायला गेले ते खिशात मापाची टेप घेऊन. पोहे येईपर्यंत हा माणूस बाहेर गल्ली मोजत होता! घरी येऊन म्हणाले, “मुलगा बरा असेल. पण गाडी आत जात नाही.” शेवटी सुमन बदलापूरला दिली, कारण तिथे पुढे अंगण होतं आणि मागे बारमाही विहीर. नवऱ्यामुलाचा चेहरा मामांनी अंतरपाट दूर झाल्यावर प्रथम नीट पाहिला असावा, असा माझा दाट संशय आहे. संसार मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला, त्यामुळे आम्हाला बोलायला जागाच उरली नाही.

मामांकडे एक लांबलचक रजिस्टर होतं. शहराने घेतलेली प्रत्येक गाडी त्यात होती. दाखल कधी झाली, काम काय केलं आणि तिसऱ्या रकान्यात शेवट काय झाला. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘भंगार’ असं लिहिलेलं असे, क्वचित ‘अपघात’, आणि एके ठिकाणी ‘स्वतःच जळाली’. फक्त एका गाडीपुढे तो रकाना कोरा होता. ही पाण्याची जुनी गाडी मामांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं होती आणि तिला ते ‘थोरली’ म्हणत. लग्न तिच्यानंतर झालं, म्हणून मामी स्वतःला धाकटी म्हणवून घेत, आणि ते नुसत्या थट्टेने नाही.

थोरली लिलावात निघाली आणि उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्या शेठच्या वाड्यात येऊन पडली. मामा दुसऱ्याच दिवशी तिथे हजर! शेठच्या क्रेनचं इंजिन दर महिन्याला रुसायचं, ते मामांनी तासाभरात बोलतं केलं आणि बदल्यात शब्द घेतला की मी सांगेन तेव्हाच हिला कापायची. “साईं, कितनी जगह खाती है ये,” शेठ कुरकुरायचा. “मी पण घरात जागाच खातो, शेठ. मला कोणी कापलं का?” मामा विचारायचे. मग दर रविवारी खाकी शर्ट घालून, बहुतेकदा मला बरोबर घेऊन, मामा रिक्षाने उल्हासनगरला जात, हौदातलं पाणी ओढून थोरलीचा पंप चालवत आणि दसऱ्याला तिला हार घालत. पंपाला आठवड्यातून एकदा पाणी दाखवलं नाही तर आतले वायसर सुकतात, असं त्यांचं म्हणणं. सुकेनात का! तिला चाकंसुद्धा नव्हती. पण हे तोंडावर बोलायची माझी काय छाती होती?

एका रविवारी पाइपाचं तोंड मामांच्या हातून जरा वर गेलं आणि समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर वाळत घातलेले समस्त सिंधी पापड वाहून गेले. गच्चीवरून ज्या शिव्या आल्या त्यातली एकही मला कळली नाही, पण अर्थ लागला. मामा भिजलेल्या मिशीतून हसत मला म्हणाले, “तिसरा मजला, जावईबापू! या वयात!”

पापडांची ही बातमी फिरत फिरत आमच्याच भागातल्या एका छोट्या अग्निशमन केंद्रात पोचली. केंद्राचं नाव सांगत नाही, मामांनीच सांगू नका म्हटलं होतं. तिथला ड्रायव्हर पुढच्या रविवारी वाड्यात आला. त्यांच्या एकुलत्या गाडीचा पंप गेला होता, थोरलीच्याच बनावटीचा, आणि त्याचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. “काका, हा पंप आम्हाला मिळाला तर...” तो चाचरत म्हणाला. मामांनी त्याला पंपाची निगा कशी राखावी यावर तासभर झापलं आणि परत पाठवलं. मला म्हणाले, “पंप काढला की थोरली संपली. मग नुसता पत्रा राहतो.”

तो पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी मागितलं काहीच नाही. एमआयडीसीतली एक शेड पेटली तेव्हा ते पोचले होते पहिले, पण दुसऱ्या गावची गाडी येईपर्यंत बादल्या घेऊन उभे होते, एवढंच खाली बघत सांगून तो गेला. मामा त्या दिवशी पंप न चालवताच घरी आले. चहा घेतला नाही, इतिहास सांगितला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. एरवी इतकी चेष्टा करणारा मी, पण त्या दिवशी वाटलं, कोणीतरी येऊन सांगावं की दुसरा पंप मिळाला.

कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी मामांनी स्वतःचे पाने बरोबर घेतले. शेठने गॅस कटर पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. एकेक नट हाताने सोडवला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि शेठ धंदा सोडून त्यांच्या बाजूला कंदिलासारखी बॅटरी धरून उभा राहिला. पंप टेम्पोत चढल्यावर मामा म्हणाले, “शेठ, आता कापा.” शेठ म्हणाला, “आज नहीं साईं. कल.” घरी येऊन मामांनी रजिस्टर उघडलं. मी खांद्यावरून डोकावलो. तिसऱ्या रकान्यात त्यांनी जपून लिहिलं, ‘बदली.’

मामा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. ते केंद्र जवळच असल्यामुळे तिथली गाडी कधीमधी आमच्या भागातून जाते. परवा मामींना भेटायला गेलो होतो. पांढरी रेष पार पुसट झाली आहे, तेव्हा खुशाल वळणावर स्कूटर लावली आणि जिन्याकडे निघालो. वरून हाक आली. बघतो तर मामी गॅलरीत उभ्या.

“जावईबापू, स्कूटर तेवढी आत घ्या,” मामी म्हणाल्या. “थोरली आली तर वळेल कुठं?”

मी परत फिरलो आणि स्कूटर आत घेतली.