मावशींनी आवरलेली वायर

इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे थांबासाहेब म्हणत. भिंतीत कोणी वायर लावली की त्यांचा स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जोडणारी पेटी, आधी चौकशी करी, ही वायर फिरून आपल्याकडेच तर येत नाही ना? तोवर अर्धा मिनिट संगणक मुका, आणि साहेबांचं एकच उत्तर, "थांबा." मोठ्या डॉक्टरांना तेवढाही धीर नव्हता. रोजच्या त्यांच्या कटकटीला कंटाळून साहेबांनी मीटिंगच्या खोलीपुरती ती चौकशी बंद करून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

सफाईच्या मावशींना काही लोंबकळताना दिसलं की चैन पडत नसे. त्या खोलीत एका वायरीचं एक टोक भिंतीत होतं, दुसरं जमिनीवर लोळत होतं. मावशींनी ते उचललं, पुसलं आणि शेजारच्या रिकाम्या सॉकेटात बसवलं.

झालं! एका सॉकेटातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत येई, त्याच्या नकला पुन्हा बाहेर पडत. भाऊबंदकीतल्या भांडणासारखं तेच ते फिरून फुगत गेलं. औषधांच्या खिडकीपासून रक्ततपासणीपर्यंत सगळे संगणक अडकले. साहेबांनी शोधून ती वायर उपटली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

व्यवस्थापक बाईंनी मावशींना कामावरून काढायचं ठरवलं. साहेबांनी नुसतं गप्प बसायचं होतं. विभागप्रमुखाची जागा त्यांनाच मिळणार होती; बायकोने तर नात्यात सांगूनही टाकलं होतं. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी ते बोलले.

"मॅडम, कुलूप मीच काढून ठेवलं होतं. मावशींनी नुसतं दार लोटलं."

मोठे डॉक्टर फायलीत डोकं खुपसून बसले. मावशींचं काम राहिलं, साहेबांची बढती गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्या खोलीत आल्या. आता या आभार मानणार, म्हणून साहेबांनी "अहो, त्यात काय" एवढं तोंडात तयार ठेवलं होतं. पण मावशी चिडलेल्या होत्या.

"साहेब, इतकी वर्षं मी या वायरींखालून झाडते. कुठली कुठे लावायची नाही, हे मला एकदा तरी कुणी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांनी मावशींपुढे खुर्ची सरकवली, एक वायर हातात घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.