महिपतीचा सपत्नीक सत्कार

हडपसरच्या एका कारखान्यात महिपती बावीस वर्षं लेथवर होता, पंपांचे दांडे घडवायचा. एक्क्याण्णव साली देशाच्या गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं. वर्षानुवर्षं उसनवारीवर थाट केला दिल्लीकरांनी, त्यात आखाती युद्धाने तेल महागलं, आणि सोनं विमानात घालून परदेशी गहाण टाकायची पाळी आली. निस्तरायला मात्र महिपतीसारखी माणसं! आयातीला लगाम बसला, बाहेरून येणारं खास पोलाद थांबलं आणि कामगार दिवसदिवस रिकामी मशीनं पुसत बसले.

दोन वर्षांत सगळं उलटं झालं. दारं उघडली, परदेशी पंप तयारच येऊ लागले. मालक म्हणाला, बनवायची कटकट हवीच कशाला? आणा, आपला शिक्का मारा आणि विका. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले. स्वेच्छा म्हणे! सही न करणाऱ्याला दिवसभर गेटपाशी खुर्चीवर बसवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. किळस यावी असले धंदे.

महिपती तीन महिने त्या खुर्चीवर बसला. मुलगी रुपाली बारावीत होती आणि नोकरीची दहा वर्षं बाकी होती. काही झालं तरी सही करणार नाही, असं त्याने बायकोला, मुक्ताईला, सांगून टाकलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, बायकामुलांसकट. पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि युनियनचे तात्याराव माइकपाशी आले. "आता आपले ज्येष्ठ सहकारी महिपतराव यांचा सपत्नीक सत्कार."

महिपतीला काही कळेना. मुक्ताई मात्र पदर सावरून उठलीसुद्धा. जन्मात तिला कोणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. तिच्या मागोमाग तोही चढला. मॅनेजरने शाल घातली, नारळ दिला. टाळ्या चालू असतानाच तात्यारावांनी फाइल पुढे धरली. "इथे फक्त एक सही, महिपतराव."

फॉर्म त्याने लगेच ओळखला. तो नारळ मॅनेजरच्या टाळक्यात घालावासा वाटला त्याला. पण पुण्यात शाल-श्रीफळ नाकारलंय कोणी कधी? समोर चारशे माणसं, शेजारी बायको हरखून उभी. तिच्यादेखत तमाशा कसा करायचा? मेली ही भीडच आडवी आली. भीड आडवी येणार हे त्या नीच लोकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मुक्ताईलाही वर बोलावलं. महिपतीने सही केली.

"कसली हो सही घेतली?" पायऱ्या उतरताना मुक्ताईने विचारलं.

"सत्कार मिळाल्याची."

"चला, शेवटी कळली म्हणायची त्यांना तुमची किंमत," ती म्हणाली. "आता नाही काढायचे तुम्हाला."

महिपतीने हो म्हटलं.