शेवटच्या प्रकरणाच्या पिना

प्रेमकथा शेवटी गोड होते की नाही, याबाबत विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं? लेखकावर, वाचणाऱ्या पोरीवर, की पोरीच्या बापावर? शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि वह्या-पेनांपेक्षा असले किस्सेच तिथे जास्त साठतात. त्यांना जीएसटीही लागत नाही.

शाळा मी नववीत सोडली, पण काय खपतं ते कळतं. हल्ली पोरांना जुन्याच प्रेमकथा नव्या कपड्यांत लागतात. राजकन्या बारावी सायन्सला, राजपुत्र क्लासच्या मागच्या बाकावर! ही पुस्तकं मी भाड्याने देतो, पण शेवटचं प्रकरण स्टेपल करून. गोष्ट आवडली नाही तर पिना न काढता परत आणा, अर्धं भाडं परत.

पहिला दणका दीपालीने दिला. तापीकाठच्या केळीवाल्या भिकाआप्पांची ही पोर, अकरावीला. पिना जशाच्या तशा दाखवल्या, अर्धं भाडं घेतलं आणि माझ्याच पायरीवर बसून मैत्रिणींना शेवट सांगायला लागली. पानं भुंगळीसारखी, नळीच करून वाकवली आणि आत डोळा लावून वाचलं म्हणे. त्या दिवसापासून मी दुप्पट पिना मारतो.

एसटीतल्या कंडक्टर शोभाताईंना एक गोष्ट मुळीच पटली नाही. जुन्या कथेत निरोप पक्षी न्यायचा, नव्यात मोबाइल. त्याची बॅटरी संपते आणि प्रेमिकांची ताटातूट होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, भरल्या गाडीत एकाकडेही चार्जर नव्हता? लेखक कधी एसटीत बसलेला दिसत नाही."

विसरवाडीच्या हॉटेलवाल्याच्या मुलाने स्वयंवराची गोष्ट नेली. नव्या पुस्तकात स्वयंवराऐवजी बॅडमिंटनची स्पर्धा होती. मी रॅकेटी या पुस्तकांच्या कपाटाशेजारीच टांगल्या होत्या, मनातल्या मुलीसाठी त्याने लगेच एक घेतली. दोन महिन्यांनी भेटला, तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "फायनलपर्यंत गेलो काका. तिच्या भावानेच हरवलं."

मग एका दुपारी खुद्द भिकाआप्पा आले. दीपाली काय वाचते ते त्यांना कळलं होतं. पुस्तकात वावगं निघालं तर पोरीचं दुकानात येणं बंद, आणि गावच्या जीपमधून येणाऱ्या बाकीच्या पोरींचंही, असं बजावून तेच पुस्तक स्वतः घेऊन गेले. गोष्टीतल्या मुलीला एक मुलगा आवडतो आणि ती ते घरी सांगत नाही. आता कपाट रिकामं करावं लागणार, असं मी धरून चाललो.

आठवड्याने आले. पिना शाबूत. मी अर्धं भाडं पुढे केलं, पण आप्पा ते उचलेनात. घुटमळले, मग हळूच विचारलं, "ती पोर शेवटले बापले सांगस का नही?"

मी म्हटलं, आप्पा, ते पिनांच्या आत आहे.

आप्पांनी पिना काढायचा चिमटा मागितला. माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. त्यांच्या गावची गाडी लागली, सुटली, तरी उठले नाहीत. वाचून झाल्यावर उपरण्याने चष्मा पुसला आणि दीपालीला फोन लावला. एवढंच विचारलं, "जेवनी का बेटा?"

मग माझा स्टेपलर घेऊन स्वतःच्या हाताने त्याच जागी पिना मारल्या. पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं.

"मी काही वाचं नही. पोरले दुसरा भाग दे. आनि भाडं पुरं घे, हिशोब इमानदारीना ठेव."