अठरानंतरची खोली

ज्या मुलींची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची त्यांना आमच्या बालगृहात एकच तारीख लावलेली असे. त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण एकाच दिवशी अठरा वर्षांच्या झालो आणि एकाच दिवशी बाहेर पडलो. पुढं तिथं राहायची परवानगी नव्हती.

आमच्यासारख्या मुलींना पायावर उभं करायचा उपक्रम एका संस्थेनं घेतला होता. त्यांनी आम्हाला सोलापूरच्या पूर्व भागात एक खोली पाहून दिली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायचं काम लावून दिलं. दर रविवारी संस्थेच्या ताई यायच्या. बँकेत कसं बोलायचं, सिलिंडर कसा लावायचा, सगळं जीव लावून शिकवायच्या.

तरी पहिल्याच आठवड्यात आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते भरून ठेवायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. घरमालकीणबाई आतल्या खोलीत तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि एक कळशी देऊन गेल्या. दोघींपुरता भात लावता येईना. बालगृहात घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की ताट घ्यायचं. इथं संध्याकाळी कामावरून आलो की आम्ही भिंतीला टेकून नुसत्या बसायचो.

एके दिवशी माझी मैत्रीण कामावरून परस्पर कुठंतरी गेली. मी शोधत शोधत बालगृहाशी पोचले, तर ती फाटकाच्या गजांना धरून उभी होती.

"मावशी, मला आत घ्या की. मी भांडी घासीन. कोपऱ्यात झोपीन."

आतल्या मावशींनीच तिला लहानाची मोठी केलेली. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नाही गं घेता येत, बाळा. माझी नोकरी जाईल. जा, खोलीवर जा."

मी तिला ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच. तिचा मला भयंकर राग यायचा, कारण मलाही तिथंच जाऊन उभं राहावंसं वाटायचं. हळूहळू तिनं काम सोडलं, मग जेवण. ताई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्या मिळाल्या, त्या तिनं घेतल्या नाहीत. "माझ्यासाठी एवढं तरी जेव," म्हणून मी तिच्यापुढं हात जोडले. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

आणि एक दिवस खोली रिकामी. बालगृहाच्या फाटकापाशीही ती नव्हती.

ज्या मामानं तिला लहानपणी, जन्मतारीखही न सांगता, बालगृहात आणून सोडलं होतं तो करकंब गावी राहायचा, असं ती कधीतरी बोलली होती. मी एस.टी.नं तिथं गेले. ती गोठ्यात शेण भरत होती. तोंड उतरलेलं, दंडावर वळ.

"चल परत," मी म्हणाले. "ताई दुसरं काम बघून देतील."

"न्हाय यायचं मला."

"अगं, ही मामी तुला मारते ना?"

"व्हय, मारती. शिव्याबी देती. पर नाव घेऊन देती की. तितं खोलीवर मला कोण हाक मारतं?"

मी मारते की हाक, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामीनं आतून तिच्या नावानं ओरडून पाणी मागितलं. ती टोपली टाकून धावत गेली आणि परत बाहेर आली नाही.

रविवारी मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मामाशी बोलून बघते म्हणाल्या. दोनदा जाऊनही आल्या. ती त्यांच्यासमोर आलीच नाही. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणखी एक मुलगी बाहेर पडेल, ती तुझ्याबरोबर राहील.

ते वर्ष मी कसं काढलं, मला नीट सांगता येत नाही. सुट्टी झाली तरी मी मशीनपाशी बसून राहायचे. शेवटी मुकादम दिवे घालवायचा आणि म्हणायचा, "जा की आता घरी."